आईला १० वर्षांच्या संधिवाताच्या अभ्यासात घ्यायचं म्हणतायत, सही करू का?

खानापूर_रोड

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, कामाला बेळगावात उद्यमबागला. आईबद्दल विचारायचंय, जरा लांबलंय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितोय.

आईचं वय ५८. आमवात आहे, रुमॅटॉइड. आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी ह्या रक्ताच्या दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह. ९ वर्षांमागं भात लावणीच्या दिवसात सुरू झालं, आम्हाला वाटलं चिखलात वाकून वाकून अंग धरलंय, लावणी संपली की जाईल. गेलं नाही. सकाळी उठली की दोन दोन तास बोटं वळायची नाहीत, पाण्याचा तांब्या दोन तळव्यांच्या मधे धरून उचलायची, मी ते बघून पण लक्षात घेतलं नाही ह्याचं आजही वाईट वाटतं. दीड वर्ष तेल लाव, शेक दे, कुणी सांगितलं तो पाला बांध असं करण्यात घालवलं. मग एका ओळखीच्यानं सांध्याच्या डॉक्टरकडं पाठवलं. आता मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिडची गोळी, आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) रोज. खूप फरक आहे. घरचं सगळं करती, भात उपसती, धुणं पिळाय तेवढं येत नाही.

आता मुद्दा. मागच्या फॉलोअपला तिथल्या एका मॅडमनी बाजूला बसवून सांगितलं की संधिवाताच्या पेशंटचा एक लांब पल्ल्याचा अभ्यास आहे, १० वर्षं चालणार, दर ६ महिन्यांनी प्रश्नावली भरायची, वर्षातून एकदा रक्त, मधेमधे फोन. औषध फुकट नाही, पैसे नाहीत, बसभाडं देतो म्हणाले. कागद दिलेत ते इंग्रजी आणि कन्नडमधे. आई मराठी शाळेत चौथी शिकलेली, कन्नड बोलाय येतंय बाजारापुरतं, वाचाय येत नाही. मॅडम चांगल्या बोलल्या, घाई केली नाही, घरी नेऊन विचार करा म्हणाल्या.

घरात दोन पार्ट्या झाल्यात. बाबा म्हणतात आपल्यावर प्रयोग करून घ्यायचे नाहीत. बहीण (ती धामण्याला दिलीय) म्हणती कर की सही, फुकट तपासणी होईल. आईचं म्हणणं वेगळंच, ती म्हणती "१० वर्षं माझ्या हाताचं विचारून त्यांना काय मिळणार?" आणि खरं सांगायचं तर मला ह्याचं उत्तर देता आलं नाही.

तर कुणी अशा अभ्यासात आहे का? औषध बदलतात का? रक्त ठेवून घेतात ते कशाला? मधेच सोडलं तर डॉक्टर राग धरतात का?

निपाणीकरीण

दादा, माझी आई अशाच एका अभ्यासात आहे, महाराष्ट्रात, ६ वर्षं झाली. आम्ही निपाणीचे, आईनं २२ वर्षं विड्या वळल्या. तिची बोटं गेली तेव्हा सगळ्या बायका म्हणायच्या विड्या वळून वळून झालंय, पण मनगटं सुजली, पायाचे चवडे सुजले, तेव्हा डॉक्टर म्हणाले हे कामाचं नाही, हा आमवातच.

औषध कुणी बदललं नाही. तिचं औषध तिचे डॉक्टरच ठरवतात, अभ्यासवाले नुसतं लिहून घेतात. प्रश्न पण भीतीदायक नसतात. साडी नेसता येते का, केस विंचरता येतात का, नळाची चावी फिरते का, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का, संडासला उकिडवं बसता येतं का, मांडी घालून बसता येतं का. उत्तरं चारच, काही त्रास नाही, थोडा, खूप, जमतच नाही. अर्धा तास लागतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. पहिल्या वेळी आईनं एक लपवलं. आमच्याकडं एक जण पुड्या द्यायचा, कागदात बांधलेली पांढरी पावडर, खाल्ली की दोन दिवसांत माणूस पळाय लागायचं. आईनं ३ वर्षं खाल्ल्या त्या. तोंड गोल झालं, अंगावर कातडी पातळ होऊन जरा धक्का लागला की काळंनिळं. पुढं कळलं त्यात स्टिरॉइड असणार. अभ्यासातल्या ताईंनी विचारलं आधी काय घेत होता, तर आई म्हणाली काही नाही, घरगुती. लाज वाटली तिला. ती ताई काही बोलली नाही, दुसऱ्या वेळी परत तेच विचारलं, परत नाही. तिसऱ्या वेळी मी सोबत होते, मी सांगितलं. लगेच हाडाच्या घनतेची तपासणी सांगितली आणि हाडं ठिसूळ निघाली. म्हणजे उत्तर खरं दिलं असतं तर वर्षभर आधी कळलं असतं. तुमच्या आईनं जे जे खाल्लंय ते सगळं सांगू दे, पाला पण.

शहापूरचा_विणकर

मी स्वतः पेशंट. पण मला आमवात नाही, गुडघ्याची झीज. पॉवरलूमवर ३० वर्षं उभा. माझ्या मते नको. आपल्याला काय मिळणार त्यातून? दर ६ महिन्यांनी एक दिवसाची मजुरी जाणार. मोठ्या मोठ्या हॉस्पिटलांचे पेपर छापून येणार आणि आपण तिथंच. कुणाला वाईट वाटलं तर माफ करा पण अनुभवानं बोलतोय, मागं एकदा आमच्या गल्लीत सर्व्हेवाले आले, सगळ्यांचे गुडघे बघितले, फोटो काढले, वजन केलं, नंतर कुणी तोंड दाखवलं नाही.

वॉर्डातली_ताई

विणकर दादा तुमचा राग बरोबर आहे, मी नाकारणार नाही. सर्व्हे करून गेले आणि परत काही सांगितलंच नाही, हे लोकांशी वाईट वागणंच आहे. मी १९ वर्षं नर्स आहे, चिकोडी भागात बरीच वर्षं काढली, मी पण असे कागद भरून घेतलेत आणि पुढं त्याचं काय झालं हे मलाही कुणी सांगितलं नाही.

पण दुसरी बाजू पण बघितलीय म्हणून लिहिते. २००६ चा चिकनगुनिया आठवतोय का सगळ्यांना? त्या वर्षी देशात १३ लाखांच्या वर संशयित पेशंट नोंदले गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या आपल्या कर्नाटकात. मी नवीन होते कामाला. गावंच्या गावं आडवी. ताप ४-५ दिवसांत उतरायचा पण सांधे धरलेले ते धरलेलेच. म्हातारी माणसं भिंतीला धरून चालायची, तरणी पोरं जिना उतरताना रडायची. ऊसतोडीला माणूस नाही. सगळे एकच विचारायचे, ताई हे कधी जाणार? आणि मी काय सांगायची, जाईल हळूहळू. कारण कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. बऱ्याच जणांचं २-३ महिन्यांत गेलं, काहींचं वर्षभर राहिलं, आणि काही थोड्यांचं गेलंच नाही, पुढं त्यांच्यातल्या काहींची तपासणी केली तर तो आमवातासारखाच चालू राहिलेला आजार.

आता विचार करा. त्या वेळी आमच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत जर १०० माणसं धरून दर ३ महिन्यांनी नुसतं वहीत लिहिलं असतं, कुणाचं दुखणं गेलं, कुणाचं राहिलं, वय काय, आधी काय आजार होता, तर पुढच्या साथीला मी त्या म्हातारीला सांगू शकले असते की मावशी तुझ्यासारख्या १०० बायकांतल्या इतक्या जणी ६ महिन्यांत बऱ्या झाल्या. आम्ही लिहिलं नाही. वही होती, पेन होता, माणसं तर दारातच होती. साथ ओसरली आणि आम्ही पोलिओच्या कामाला लागलो. ते मला अजून खटकतं.

खानापूर दादा, कागदाबद्दल एकच. आईला मराठीतला कागद मागा. ही मेहरबानी नाही. आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची संस्था) २०१७ ची नियमावली आहे, त्यात सरळ आहे की माहिती भाग घेणाऱ्याला समजंल अशा भाषेत दिली पाहिजे. दवाखाना कर्नाटकातला आहे म्हणून कन्नडच चालंल असं नाही, आणि उलट महाराष्ट्रात कन्नड बाई असंल तर तिला कन्नडच दिलं पाहिजे. भांडायचं काही कारण नाही, शांतपणे मागा. बहुतेक वेळा असतोच त्यांच्याकडं, टेबलावर वरचा गठ्ठा असतो तोच उचलून देतात. आणि सही केलेल्या कागदाची एक प्रत घरी आणायची.

आकडेवाला_कंग्राळी

मी मूळचा कंग्राळीचा, आता पुण्यात, आरोग्याच्या आकडेवारीचं काम करतो. रात्री जेवून बसलोय त्यामुळं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या आईनं जो प्रश्न विचारलाय ना, १० वर्षं माझ्या हाताचं विचारून काय मिळणार, तो ह्या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

औषधाची चाचणी साधारण ६ महिने, वर्ष, फार तर दोन वर्षं चालते. त्यात औषध चालतं का हे कळतं. पण आमवात २०-३० वर्षं सोबत राहतो. १५ व्या वर्षी काय होतं हे चाचणीत दिसतच नाही, ती तोपर्यंत कधीच संपलेली असते.

तुमची आई एचसीक्यू घेते म्हणून त्याचंच उदाहरण देतो. हे औषध डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतं. किती जणांना? अमेरिकेत ५ वर्षांहून जास्त काळ गोळी घेतलेल्या दोन हजारांवर पेशंटच्या नोंदी तपासून २०१४ साली छापलं, की वजनाच्या मानानं योग्य डोस असेल तर पहिल्या १० वर्षांत २ टक्क्यांपेक्षा कमी लोकांना इजा होते, पण २० वर्षं झाल्यावर ते प्रमाण जवळपास २० टक्क्यांवर जातं. आता हे २० वर्षं गोळी खाणाऱ्या माणसांशिवाय कळलं असतं का? त्यातूनच आजचा नियम आलाय, की रोजचा डोस किलोमागं ५ मिलिग्रॅमच्या वर नको आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासायचे. (तुमच्या आईला ७ वर्षं झाली असतील हिशोबानं. डोळे तपासलेत का? नसतील तर ह्या महिन्यातच करा, अभ्यासाचं नंतर बघू.)

दुसरं मेथोट्रेक्सेट. हे औषध सुरू केलं की लोक घाबरतात, कॅन्सरचं औषध आहे म्हणतात. अमेरिकेत कॅन्ससमधे विचिटा म्हणून गाव आहे, तिथले सांध्याचे डॉक्टर फ्रेडरिक वुल्फ ह्यांनी आपल्या दवाखान्यातल्या प्रत्येक पेशंटची नोंद वर्षानुवर्षं ठेवली. त्यातल्या १,२४० आमवाताच्या पेशंटचा हिशोब २००२ मधे लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात आला, की मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा साधारण ६० टक्क्यांनी कमी, आणि मुख्य फरक हृदयाच्या आजारानं होणाऱ्या मृत्यूंत. आमवातात हृदयाला धोका वाढतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, सूज नुसती बोटांत नसते, रक्तवाहिन्यांनाही पोचते.

पण ह्यात एक गंमतीची नाही, महत्त्वाची गोष्ट आहे. डॉक्टर मेथोट्रेक्सेट कुणाला द्यायचे? ज्याचा आजार जास्त त्याला. म्हणजे सरळ सरळ मोजलं असतं तर औषध घेणारे जास्त आजारी दिसले असते आणि औषधच वाईट ठरलं असतं. ते सुधारता आलं, कारण प्रत्येक भेटीला लिहिलेलं होतं की त्या दिवशी ह्या माणसाचे सांधे किती सुजलेत, हाताला काय जमतंय, दुसरं काय औषध आहे. ती चार पर्यायांची कंटाळवाणी प्रश्नावली होती म्हणून खरं उत्तर सापडलं. वुल्फ ह्यांनीच पुढं १९९८ मधे पूर्ण देशातल्या पेशंटांसाठी नोंदवही सुरू केली, दर ६ महिन्यांनी पेशंट स्वतः घरी बसून भरतात. तुमच्या आईला जे सांगितलंय ते साधारण त्याच धर्तीचं.

निपाणीच्या ताईंनी जे प्रश्न लिहिलेत त्यांचं मूळ पण सांगतो. अमेरिकेतच स्टॅनफर्डला जेम्स फ्राइज ह्यांच्या गटानं १९८० मधे ती प्रश्नावली छापली. ८ प्रकारची कामं, २० प्रश्न, गुण शून्य ते तीन. उकिडवं आणि मांडी हे तिथल्या प्रश्नावलीत नव्हतं, ते इथल्या डॉक्टरांनी घातलं. आणि पुढं अनेक वर्षांच्या नोंदीतून असं दिसलं की माणूस पुढं किती जगेल, किती परावलंबी होईल ह्याचा अंदाज एक्सरेपेक्षा आणि रक्ताच्या रिपोर्टपेक्षा ह्या प्रश्नांच्या उत्तरांवरून चांगला लागतो. तुमची आई तांब्या दोन तळव्यांत धरत होती, ते कुठल्याच रिपोर्टमधे आलं नसतं. हे ऐकल्यावर मला माझी आजी आठवली. ती चूल फुंकायची फुंकणी मनगटांच्या मधे धरायची, बोटांनी नाही. आम्हाला वाटायचं तिची ती पद्धत आहे.

विणकर काका, तुमच्यासाठी. तुमच्या गल्लीत जे झालं ते चुकीचं झालं. पण व्यवस्थित झालेलं एक काम आमच्या पुणे जिल्ह्यातच आहे. भिगवण, सोलापूर रस्त्यावरचं गाव. १९९६ मधे तिथं डॉ. अरविंद चोप्रा ह्यांच्या पुण्यातल्या संस्थेनं जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढ माणसांना विचारलं. गावातलीच माणसं शिकवून तयार केली होती. ७४६ जणांना म्हणजे १८ टक्क्यांना सांधे, पाठ, स्नायू असलं काहीतरी दुखणं होतं. आमवात अर्धा टक्का, झिजेचा संधिवात ६ टक्क्यांच्या जवळ. तोपर्यंत आपल्याकडं सगळं लक्ष टीबी, मलेरियावर होतं, सांध्याच्या दुखण्याला कोण विचारतंय. आणि ते मोजून निघून गेले नाहीत, गावात दवाखाना भरवत राहिले, पुढं वर्षानुवर्षं त्याच गावात नवीन दुखणं कुणाला होतंय हे बघत राहिले. आजसुद्धा खेड्यात सांधेदुखी किती हे कुणी विचारलं तर भिगवणचं नाव येतंच.

तुमच्या गुडघ्याचं पण असंच. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातला हृदयाचा अभ्यास १९४८ पासून चालू आहे, त्याच माणसांचे पुढं गुडघे बघितले. ज्या बायकांचं १० वर्षांत ५ किलोच्या आसपास वजन कमी झालं त्यांच्यात दुखऱ्या गुडघ्याच्या झिजेचा धोका निम्म्यावर आला. डॉक्टर आज तुम्हाला वजन कमी करा म्हणतात त्याला आधार आहे तो त्या बायकांचा.

शहापूरचा_विणकर

भिगवणचं माहीत नव्हतं. परत येऊन दवाखाना भरवला असंल तर मी माझं बोलणं तेवढ्यापुरतं मागं घेतो. आमच्याकडं कुणी आलं नाही हे मात्र खरंच.

खानापूर_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडेवाले दादा, तुमचं पूर्ण आईला वाचून दाखवलं, फुंकणीचं ऐकून ती गप्प झाली जरा वेळ. डोळे एकदाच तपासलेत, सुरुवातीला. शनिवारी नेतोय.

अजून दोन राहिलेत. रक्त ठेवून घेणं, आणि मधे सोडणं. आणि बाबा विचारतात की आई आता बरी आहे, अभ्यास आजारी माणसांचा, मग हिला कशाला घेतायत?

आकडेवाला_कंग्राळी

बाबांचा प्रश्न आधी घेतो, कारण असले अभ्यास मोडतात ते नेमके इथंच.

समजा १०० जणांना घेतलं. ५ वर्षांनी ६० उरले. गेलेले ४० कोण? काही जण बरे झाले, त्यांना वाटलं आता कशाला जायचं, बस बदलून एक दिवस मोडून. काही जण इतके खालावले की बसमधे चढताच येईना. काही वारले आणि घरच्यांनी फोन उचलला नाही. मागं राहिले ते मधले. आता ह्या मधल्या ६० जणांवरून मी काढलेलं उत्तर तुमच्या आईला पण लागू नाही आणि माझ्या आजीसारखीला पण नाही. मी रोज हेच बघतो, रकान्यात सलग तीन भेटी भरलेल्या आणि पुढं कोरं. ते कोरं बघून मला कळत नाही की ही बाई बरी होऊन शेतात गेली की अंथरुणाला खिळली. दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून बाबांना सांगा, बरी आहे म्हणून तर पाहिजे. आणि एखाद्या वर्षी येणं जमलं नाही तरी फोन उचलून दोन वाक्यं सांगितली तरी त्याला किंमत आहे.

रक्त. दोन गोष्टी वेगळ्या असतात. आजची तपासणी एक, आणि पुढच्या संशोधनासाठी साठवून ठेवणं दुसरी. साठवण्याला वेगळी संमती विचारायला पाहिजे, बहुतेक कागदात वेगळी चौकट असते. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असं म्हणता येतं का ते विचारा. साठवतात ते कशाला, तर आज माहीत नसलेली तपासणी उद्या निघते. अँटी सीसीपी तुमच्या आईला केली ना, ती पूर्वी नव्हतीच. ती निघाल्यावर रक्तदात्यांचं जुनं साठवलेलं रक्त काढून बघितलं, त्यातल्या ज्यांना पुढं आमवात झाला त्यांच्यात, आणि कळलं की आजार दिसायच्या कित्येक वर्षं आधी ते रक्तात असतं. रक्त ठेवलं नसतं तर हे कळलं नसतं. तरी पण नाही म्हणायचा हक्क आईचाच.

सोडणं. केव्हाही, कारण न देता. आणि सोडलं म्हणून उपचारात फरक पडता कामा नये, हे पण कागदात लिहिलेलं असतंच, नसेल तर सही करू नका. एथिक्स कमिटीचा (अभ्यासात पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी समिती) फोन नंबर कागदावर असायला पाहिजे, काही खटकलं तर डॉक्टरला सोडून थेट तिथं बोलता येतं. नवीन औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआयला (अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंद सक्तीची आहे २००९ पासून, तुमचा अभ्यास नुसत्या निरीक्षणाचा दिसतोय, त्याचीही नोंद करता येते, नंबर आहे का विचारून ठेवा.

वॉर्डातली_ताई

अजून एक विचारा दादा. निष्कर्ष आम्हाला कधी आणि कोण सांगणार? विणकर दादांच्या गल्लीत जे झालं ते तुमच्या आईच्या बाबतीत नको. सगळ्यांनी सुरुवातीलाच विचारलं तर त्यांना पण सवय लागंल.

आणि मेथोट्रेक्सेटचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवलाय ना? आठवड्याची गोळी चुकून रोज खाऊन दवाखान्यात आलेल्या बायका मी बघितल्यात, तोंडात फोड, रक्तातल्या पेशी कमी झालेल्या. अभ्यासात असो नसो, वार ठरलेला पाहिजे आणि घरात दोघांना माहीत पाहिजे.

निपाणीकरीण

आमच्याकडं गुरुवार. आई म्हणती दत्ताचा वार आहे, विसरणार नाही.

खानापूर_रोड

उशिरा लिहितोय, तीन आठवडे झाले. पण तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत तर काय झालं ते सांगितलंच पाहिजे.

डोळे तपासले, पडदा चांगला आहे, आता दरवर्षी. सोमवार कॅलेंडरवर लाल पेननं लिहिला, बाबांना पण सांगितलंय.

मग मॅडमकडं गेलो. मराठी कागद मागितला, होता त्यांच्याकडं कपाटात. आईनं चष्मा लावून स्वतः वाचला, ९ पानं, बोट ठेवून ठेवून, तासभर लागला. मी मधे बोलाय गेलो तर हातानं थांब म्हणाली. मॅडम पण बसून राहिल्या, त्यांचं मला कौतुक वाटलं. साठवायच्या रक्ताला हो म्हणाली, मला वाटलं होतं नाही म्हणंल. निष्कर्षाचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या ह्याचं उत्तर माझ्याकडं आत्ता नाही, वर विचारून सांगते, आणि खरंच चार दिवसांनी फोन आला की वर्षातून एकदा पेशंटांना एकत्र बोलावून सांगायचं ठरवतोय. बघू.

प्रश्नावली तिथंच भरली पहिली. बरणीचं झाकण उघडता येतं का, ह्याच्यावर आई म्हणाली आमच्यात बरणीला फडकं बांधतात. मॅडमनी ते पण लिहिलं. सगळं संपल्यावर आईनं विचारलं, भाकरीचं का विचारत नाही? जोंधळ्याची भाकरी थापताना तळव्याचा हा भाग लागतो आणि उचलून तव्यावर टाकताना मनगट, दोन्ही वेगळं दुखतंय, थापाय येती पण टाकाय येत नाही, दोन वर्षं झाली मी थापती आणि सून टाकती. आम्हाला घरात हे माहीतच नव्हतं, बायकोला तेवढं माहीत होतं. मॅडमनी समासात लिहून घेतलं आणि म्हणाल्या मावशी पुढच्या वेळी पण हे मला आठवणीनं सांगा.

पुढची तारीख जुलैमधे देत होत्या. आई म्हणाली लावणी आटपल्यावर द्या, तेव्हा घरात माणूस नसतंय. ऑगस्टची दिलीय, लावणी उरकल्यावरची.